रुमालाखालचं पाचवं बोट

मेहबूबभाईंची एक सवय होती, नव्या माणसाला ती लई विचित्र वाटायची. कुणीही भेटलं की ते आधी त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे आणि मग सोडायचेच नाहीत. वर इकडची तिकडची चौकशी चालू, पोरं काय करतात, विहिरीला पाणी किती, आणि खाली त्यांचा अंगठा त्या माणसाच्या एकेका बोटावरून फिरतोय, दाबतोय, पुढं सरकतोय. वैद्यानं नाडी बघावी तसं. बँकेतला एक साहेब तर एकदा घाबरून हात ओढायला लागला. मेहबूबभाई त्याला म्हणाले, "साहेब, अंगठी काढत नाय मी. तोंडाला कायबी बोलता येतं, म्हणून बोटाला विचारून घेतो."

चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केलेला हात होता तो. कन्नडचा बाजार असो की दुसरा कुठला, घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा भाव मेहबूबभाईंनी जुळवायचा. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि त्याच्या आत एकजण दुसऱ्याची बोटं धरतो. जेवढी बोटं धरली तेवढा आकडा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी रुमालाखाली काय चाललंय ते फक्त दोन हातांना कळतं. सौदा मोडला तर मोडला, कुणाची शोभा होत नाही. मेहबूबभाईंच्या खांद्यावर तो चौकटीचा रुमाल कायम असायचा. तोंड पुसायला ते दुसरा वापरायचे.

माझ्या उजव्या हाताला चारच बोटं आहेत. करंगळी कटिंग मशीननं नेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. पट्टी सुटल्यावर जो येईल तो अरेरे करायचा, आणि मला अरेरे सहन होत नाही. मेहबूबभाई आले, नेहमीसारखा हात घेतला, बोटं मोजत मोजत त्या जागेपाशी आले, आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमचा एक आकडा कमी झाला." बस, एवढंच. त्या महिन्यात मी पहिल्यांदा हसलो. त्यानंतर हात घेतला की त्या रिकाम्या जागेवरून ते सरळ पुढं जायचे, तिथं थांबायचे नाहीत.

आमची ओळख भांडणातून झाली. हर्सूलला रस्त्याच्या कडेला माझं वेल्डिंगचं दुकान होतं. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे. मी चौथीपर्यंत शिकलेलो, पण दुकानावर एक पत्र्याची पाटी मी माझ्या हातानं रंगवली होती: एकच भाव. ही पाटी माझी इज्जत होती. लोखंड किती, मजुरी किती हे धरून मी जो आकडा सांगायचो त्यात खोट नसायची. म्हणून कुणी कमी करा म्हटलं की मला ते खोटं पाडल्यासारखं लागायचं. गिऱ्हाईक गेलं तर गेलं. आणि मीपण कुणाकडं भाव केला नाही. मेथीची जुडी असो की बायकोचं लुगडं, सांगितलेला आकडा द्यायचा नाहीतर चालू पडायचं. सुमन, म्हणजे आमची मंडळी, मला बाजारात न्यायचीच नाही.

मेहबूबभाई आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायचे. गोठ्याला फाटक करायचं म्हणून ते दुकानात आले. मी आकडा सांगितला. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "हा झाला तुमचा आकडा. आता आपण बोलायला सुरुवात करू." मी म्हटलं, पाटी वाचा. ते म्हणाले, "वाचली. अक्षर सुरेख हाय. पण पाटी रस्त्यावरच्या लोकांसाठी असते, मी तर आत आलोय." मी हात सोडवून घेतला आणि कामाला लागलो. ते अर्धा तास स्टुलावर बसून राहिले. मग माझाच आकडा देऊन गेले, आणि जाताना म्हणाले की फाटक झकास करा, पण एवढ्या पैशात दोन गोष्टी बोलला असता तर तुमच्या बापाचं काय गेलं असतं. फाटक बसवायला मी गेलो तेव्हा त्यांनी मला जेवू घालूनच सोडलं. तेव्हापासून रोज दुपारचा चहा माझ्या दुकानात. पाटीवरून आमचं भांडण रोजचं, आणि रोज अर्धवट.

ते म्हणायचे, "भाव करणं म्हणजे कमी देणं नव्हं, मिस्त्री. माणूस कितीला हलतो, कितीला हलत नाय, ते कळतं. दोन माणसं भाव न करता सौदा करतात तर एकमेकाला काय ओळखणार?" मी म्हणायचो, मला ओळखायचं नाही, मला गेट विकायचं आहे. मग ते हौ हौ करत उठायचे.

आम्ही सव्वीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली. चार खोल्या बदलल्या, चारही मालकांची एकच अट: भिंतीला खिळा मारायचा नाही. आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला दोरीनं बांधलेलं असायचं आणि वाऱ्यानं उलटं व्हायचं. सुमननं कधी दागिना मागितला नाही, पण दर दिवाळीला एवढं म्हणायची की एक भिंत असावी, मनाला येईल तिथं खिळा मारता येईल अशी. मी दुसऱ्यांच्या घरांना शेकड्यानं गेटं लावली आणि ती कॅलेंडर सरळ करत राहिली.

शेवटच्या मालकानं जागेवर मोठी इमारत बांधायची म्हणून खोली सोडायला सांगितली. दिवाळीपर्यंतची मुदत दिली. तेव्हा मी ठरवलं, आता पाचवी भाड्याची खोली नाही. गावाकडचा जमिनीचा वाटा भावानं घेतला त्याचे, आणि आयुष्यभर बाजूला टाकलेले, असे मिळून माझ्याकडं सत्तावीस लाख होते. कर्ज मला या वयात कोण देणार, आणि मी कुणापुढं कशाला उभा राहू. सत्तावीस म्हणजे सत्तावीस.

हर्सूलच्या तळ्याच्या बाजूला, एका गल्लीच्या टोकाला घर आहे असं कळलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं चार फूट मोकळी जागा. मी आणि सुमन बघायला गेलो. गल्लीत वळलो आणि मी थांबलो. गेट माझं होतं. खालच्या पट्टीला मी पानाची नक्षी करायचो ती लांबूनच ओळखू आली.

मालक उत्तमराव, सगळे त्यांना नाना म्हणतात. कन्नडकडचे शेतकरी. पोरांच्या शाळेसाठी शहरात घर बांधलं, पोरगा शिकून पुण्याला गेला, नाना आणि त्यांची मंडळी परत शेतावर निघाली होती. मला बघून ते मोठ्यानं हसले. "अरे, एकच भाववाले." मग सुमनला सगळं सांगितलं. गेटाच्या वेळी त्यांनी पन्नास रुपये कमी करा म्हटलं होतं, फक्त पन्नास, नव्या घराचा शकुन म्हणून, आणि मी केले नव्हते. मला ते आठवत नव्हतं. नानांना नीट आठवत होतं.

सुमन आत जाऊन आली. तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात ठेवला होता तो मी बघितला. मी किंमत विचारली. नाना म्हणाले, "बत्तीस. आणि मिस्त्री, आता माझीपण पाटी. एकच भाव."

मी मान हलवली आणि गेटातून बाहेर आलो. मी काय बोलणार होतो? पन्नास रुपये न सोडणाऱ्यानं पाच लाख सोडा म्हणायचं? घरी आल्यावर उलटं झालेलं कॅलेंडर सुमननं सरळ केलं. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहाला मेहबूबभाई आले. माझा हात घेतला आणि लगेच म्हणाले, "काय झालं?" मी सांगणार नव्हतो, पण सांगितलं. त्यांनी घर कसं आहे विचारलं, मालक कुठला विचारलं. कन्नडकडचा म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. नाना कधीकाळी बैल बाळगून होते का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, गेटावर बैलजोडी काढून द्या म्हणून ते मागं लागले होते, तेवढं आठवतंय. ती काढायला मी जादा पैसे सांगितले म्हणून पानं घेतली. मेहबूबभाई म्हणाले, "मग उद्या जाऊ. तुम्ही तोंड उघडायचं नाय." मी म्हटलं, मी भाव करणार नाही, सांगून ठेवतो. ते म्हणाले, "तुम्हाला कोण करा म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी जे झालं त्यानं मला घाम फुटला. मला वाटलं होतं मेहबूबभाई घराच्या खोड्या काढतील. खोड्या होत्या. जिन्याखाली ओल होती, मागच्या भिंतीला केसासारखी चीर होती, नळाला पाणी कितीतरी दिवसांनी एकदा यायचं. यांनी एकीचंही नाव घेतलं नाही. घराभोवती बैलाभोवती फिरावं तसे फिरले. पिलरवर थाप मारली. दार उघडून कडी-कोयंडा असा बघितला जसे दात बघतात. आणि तोंडानं नुसती तारीफ. काय मजबूत बांधलंय, काय उजेड हाय, नाना, असं घर आता कुणी बांधत नाय. मी मागून त्यांचा सदरा ओढला. मनात म्हटलं, हा माणूस बत्तीसाचे पस्तीस करतो.

नाना मात्र हळूहळू सैल पडत गेले. वर्षभर घर विकायला काढलेलं होतं, आणि जो कोणी बघायला आला त्यानं भिंतीला नखं लावून खोडच काढली होती, ते आता आपणहून सांगायला लागले. एकानं तर घर पाडूनच बांधावं लागेल असं नानांच्या मंडळींसमोर म्हटलं होतं. मग नानांनीच आम्हाला जिन्याखाली नेऊन ओल दाखवली. चीर दाखवली. मेहबूबभाई म्हणाले, "वय झालं की आपल्याबी अंगावर येतेच की."

नंतर मला त्यांनी सांगितलं, "जनावराला नाव ठेवून भाव पाडणारा दलाल कच्चा. ज्यानं वाढवलं त्याच्या काळजाला लागतं, आणि मग तो दोन रुपये कमी मिळाले तरी दुसऱ्याला देतो, पण तुम्हाला देत नाय." पण हे नंतर. त्या वेळी मी नुसता घामानं भिजलो होतो.

चहा आला. मेहबूबभाईंनी विचारलं, "नाना, शेवटची जोडी कुणाला दिली?" नानांनी सांगितलं, शेजारच्या गावच्या एका गरीब शेतकऱ्याला. दुसरा जादा देत होता, पण तो बैलांना उन्हात बांधायचा, म्हणून नाही दिली. मेहबूबभाई म्हणाले, "मग हे कुणाच्या दावणीला बांधणार, ते बघितलं का?"

नाना माझ्याकडं बघायला लागले. मी गेटाकडं बघत होतो. खरं म्हणजे मी बिजागरी बघत होतो, तेल द्यायला झाली होती.

नाना हळू आवाजात म्हणाले, अडचण वेगळीच आहे. पुण्याच्या पोराला शब्द दिलाय, गल्लीत सगळ्यांना सांगितलंय, बत्तीसच्या खालचा आकडा या तोंडातून निघायचा नाही. मी म्हटलं, माझ्याही तोंडातून निघायचा नाही. एवढंच वाक्य मी त्या दिवशी बोललो.

मेहबूबभाईंनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि झटकला. "तोंडाचं कोण म्हणतंय? बोटांनी कुठं शपथ घेतलीय?"

नाना इतके हसले की चहा सांडला. वीस वर्षांत रुमालाखाली हात घातला नव्हता म्हणाले, आणि लगेच बाही वर सारली. मला वाटलं माझ्या वतीनं मेहबूबभाई हात देतील. त्यांनी माझंच मनगट धरून पुढं केलं. घर तुमचं, हात तुमचा, म्हणाले. एक बोट म्हणजे एक लाख, बत्तीसातून खाली किती यायचं तेवढी बोटं. मग रुमाल टाकला आणि स्वतः पाठ फिरवून गेटाशी जाऊन उभे राहिले.

माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा भाव करत होतो आणि कुणाला दिसत नव्हतं. मी नानांची पाचही बोटं धरली. नानांनी नाही म्हणून मान हलवली आणि माझी दोन धरली. मी परत पाच. माझ्याकडं दुसरा आकडाच नव्हता. नानांनी तीन धरली. मी पाच. नाना डोळे मिटून बसले. त्यांच्या हाताची कातडी माझ्यासारखीच होती, आतून घट्टे पडलेली. मग त्यांनी माझा सगळा हात, जेवढा होता तेवढा, घट्ट मुठीत घेतला आणि धरून ठेवला.

जेवढा होता तेवढा म्हणजे चार.

मी मान डोलावली. नानांनी डोलावली. रुमाल निघाला. मेहबूबभाईंनी वळून विचारलं, "ठरलं?" दोघंही ठरलं म्हणालो. किती ते त्यांनी विचारलं नाही. रुमालाखालचा आकडा दलालानं विचारायचा नसतो, असा त्यांचा नियम.

घरी आल्यावर सुमनला सांगितलं, अठ्ठावीस. ती म्हणाली, "आपल्याकडं सत्तावीस हाईत." मी म्हटलं, माहीत आहे. शब्द गेला होता. हाताचा का असेना, गेला होता. चार दिवसांनी इसार पावती करायची ठरली होती, आणि त्यांतल्या तीन दिवसांत मी वेल्डिंग मशीन, ड्रिल, कटिंग मशीन, सगळ्याला गिऱ्हाईक बघितलं. दुकान बंद करायचं आणि कुठं तरी वॉचमन म्हणून बसायचं असं मनाशी पक्कं केलं. मेहबूबभाई चहाला आले तेव्हा एक माणूस मशीन उलटीपालटी करून बघत होता. हे काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जुनी झाली. त्यांनी माझा हात घेतला, बराच वेळ धरला, आणि चहा न पिता गेले. मशीन बघणाऱ्याला मी सांगितलेला आकडा पटला नाही. कमी करायला मी अर्थातच तयार नव्हतो, म्हणून ती विकली गेली नाही.

चौथ्या दिवशी आम्ही तिघं कागद करणाऱ्याच्या टेबलाशी बसलो. त्यानं नावं लिहिली, पत्ता लिहिला, आणि विचारलं, रक्कम?

नाना म्हणाले, सत्तावीस.

मी म्हणालो, अठ्ठावीस.

कागद करणाऱ्यानं पेन खाली ठेवला. म्हणाला की काका, घेणारे तुम्हीच ना? मी म्हटलं, व्हय, मीच, आणि अठ्ठावीस. नाना म्हणाले, सत्तावीस ठरलेत, पंजा धरला मी तुमचा, पंजा म्हणजे पाच. मी हात टेबलावर ठेवला. "मोजा. चार धरली तुम्ही. चारच आहेत."

नानांनी माझा हात बघितला. मग म्हणाले, "मला जाणवलं होतं ते रुमालाखाली. पण तवर मी धरून बसलो होतो."

"मग चार धरली."

"हात धरला, मिस्त्री."

"हाताला चार बोटं आहेत."

नाना चिडले. सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं म्हणाले की बघा हा माणूस, ह्यानं गेटाचे पन्नास रुपये सोडले नाहीत आणि आता लाख रुपये जबरदस्तीनं माझ्या खिशात घालतोय. मीही चिडलो. मला दया नको होती. बोट गेलं त्याची भरपाई एका अनोळखी माणसाकडून घेऊन मी घरात राहायचं? मी उठून उभा राहिलो. खुर्ची मागं पडली. सौदा मोडला असता त्या दिवशी. दोघांनी एकमेकाला देण्यावरून भांडून मोडला असता.

नाना मेहबूबभाईंना म्हणाले, तुम्ही सांगा. ते म्हणाले की रुमालाखालचं मला माहीत नाय, मी गेटाशी होतो. मग खुर्ची उचलून सरळ केली आणि मला खांद्याला धरून बसवलं.

"पण बाजाराचा कायदा सांगतो. आमच्या बाजारात तुटक्या बोटाचे लई लोक असायचे. कुणाचं गाडीच्या चाकात, कुणाचं उसाच्या चरकात. त्यांनी काय सौदे केले नसतील? रुमालाखाली हात दिला की तो पाचाचा. बोट असो, नसो. कमी धरायचं असलं तर धरणाऱ्यानं एक बोट सोडायचं. नाना, तुम्ही एखादं सोडलं होतं का?"

"नाय सोडलं."

"मग पाच. मिस्त्री, कायदा कायदा हाय. तुम्ही तर एकच भाववाले."

दया असती तर मी घेतली नसती. कायदा होता. कागद करणाऱ्यानं सत्तावीस लिहिलं आणि आधी अक्षरी लिहिलं, परत कुणी बदलू नये म्हणून.

दलाली किती, मी मेहबूबभाईंना विचारलं. ते म्हणाले, ती पाटी द्या. दुकानावरची. मी दोन दिवस विचार केला आणि काढून दिली. दुकान बंद केलं नाही. आता गिऱ्हाईक आलं, आकडा सांगितला, त्यानं कमी करा म्हटलं की मी आधी स्टुलावर बसायला सांगतो. कमी बहुतेक वेळा करत नाही. पण बोलतो.

नानांच्या शेतावरच्या घराला मी गेट करून दिलं. त्यावर बैलजोडी काढली. पैसे किती म्हणून त्यांनी रुमाल पुढं केला तर काही घ्यायचंच नव्हतं म्हणून मी हात मागंच बांधून उभा राहिलो.

नव्या घरात पहिल्या दिवशी सुमननं मला अकरा खिळे मारायला लावले. टांगायला तिच्याकडं एवढं काही नव्हतंच. स्वयंपाकघरात कॅलेंडर आलं, बाकीचे खिळे बरेच दिवस तसेच रिकामे होते. ती येता-जाता त्यांच्याकडं बघायची. मेहबूबभाई आले की त्यांचा रुमाल एका खिळ्याला लागायचा. तो खिळा त्यांचा, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

पुढं एकदा मी त्यांच्यासोबत कन्नडच्या बाजारात गेलो. बैल आता थोडे दिसतात, पण जुनी माणसं येऊन बसतात. त्यांच्याहून म्हाताऱ्या एका दलालाला मी बाजूला घेऊन विचारलं, तुटक्या बोटाचा काय कायदा आहे. तो म्हणाला, कसला कायदा? चार धरली की चार. असला कायदा मी जन्मात ऐकला नाही. मी परत आलो तेव्हा मेहबूबभाई कुणाचा तरी हात धरून हसत बसले होते. मी त्यांना काही म्हणालो नाही. जीपमध्ये घाट उतरेपर्यंत धुमसत होतो. मग मनात आलं, अख्ख्या टेबलासमोर हा माणूस खोटं बोलला, आणि त्या खोट्यानं आम्हा दोघांची मान वर राहिली. त्यांनाही कळलं असावं मला कळलं ते. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ऊस लई चांगला आलाय यंदा."

गेल्या साली त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ज्या माणसानं आयुष्यभर बोलून लोकांना एकत्र आणलं त्याच्या तोंडातून नुसता आवाज निघायचा. मी रोज दुपारी चहाच्या वेळेला जायचो. अंगणात पाण्याचा हौद आहे, त्यावर झाकण म्हणून माझी पाटी. एकच भाव. गंज चढला होता तरी अक्षर वाचता यायचं. त्यांची सून पाणी काढताना ती उचलून भिंतीला टेकवायची आणि म्हणायची, "चाचा, तुमची पाटी लई कामाची."

एका दुपारी मी खाटेजवळ बसलो होतो. त्यांच्या अंगावर गोधडी होती. खिळा रिकामा दिसतो, सुमननं विचारलंय, असं मी त्यांना सांगत होतो. त्यांचा चालता डावा हात गोधडीखालून सरकत आला आणि माझा उजवा हात त्यांनी आत ओढून घेतला. आत, म्हणजे रुमालाखाली घ्यावा तसा. मग अंगठा फिरायला लागला. सावकाश, ताकद नव्हती. पहिलं बोट दाबलं. दुसरं. तिसरं. चौथं.

मला वाटलं आता नेहमीसारखे त्या जागेवरून पुढं जातील. ते तिथं थांबले. जिथं बोट नाही तिथं अंगठा टेकवला आणि दाबला. माझ्या तोंडाकडं बघत राहिले, मान्य आहे का म्हणून.

मी मान डोलावली.

त्या आठवड्यात ते गेले. रुमाल त्यांच्या सुनेनं आमच्याकडं पाठवला. तो आता त्याच खिळ्याला आहे, आणि तोंड पुसायला कुणी घेतला की सुमन ओरडते.